काकीचं दूध आणि सात भाषांचे स्वभाव

(या भागाचं हे लेखी रूप. गाडीवर, एसटीत किंवा कंपनीच्या बसमध्ये ज्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना झालेलं 'अं… म्हणजे…' काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

मी घोटावड्यातनं बोलतेय. घरातच, गोधडी डोक्यावर घेऊन, कारण बाहेर भातावर पाऊस पडतोय आणि पत्र्याचा आवाज माईकमध्ये येतोय. मध्येच म्हैस ओरडली तर समजून घ्या. खरं तर आजचा विषय तिच्यापासूनच सुरू होतो.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "ताई, पहिली कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकू? पायथन चांगली की जावा? जावास्क्रिप्ट शिकलं तर लोक हसतात का?" उत्तर द्यायचं टाळत होते, कारण एका वाक्यात ते देता येत नाही. आज देते. पण आधी माझी एक फजिती ऐका.

काकीचं बिल

माझी काकी दुधाचा रतीब घालते. दोन म्हशी, काही घरं आणि फाट्यावरची एक चहाची टपरी. सगळा हिशोब वहीत. सकाळी किती, संध्याकाळी किती, महिन्याच्या शेवटी बेरीज. मी तेव्हा नुकती जावास्क्रिप्ट शिकले होते. अंगात उत्साह! म्हटलं, काकी, वही सोड, तुला फोनवर पान बनवून देते. रोज प्रत्येक गिऱ्हाइकापुढं दोन चौकटी भरायच्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. महिनाअखेर एक बटण दाबलं की बिलं तयार. सकाळ अधिक संध्याकाळ, गुणिले ६० रुपये, आणि अशा ३० दिवसांची बेरीज. यात चुकायला आहे काय?

महिना संपला. काकीनं बटण दाबलं आणि मला हाक मारली.

"आगं पोरी, ह्ये बघ. ह्यांच्या घरी रोज एक नि एक, दोन लिटर जातंय. बिल आलंय एकोणीस हजार आठशे! आन् ह्या शेजारच्यांच्या म्होरं 'नान' लिवलंय. आपन कधी नान इकले गं?"

मी बघितलं. खरंच, पडद्यावर इंग्रजीत एन-ए-एन अशी तीन अक्षरं होती. 'हा आकडाच नाही' असं सांगायची ती जावास्क्रिप्टची पद्धत. काकीनं ती सरळ वाचली, नान. आम्ही दोघी हसलो. ती दोन बिलं तिनं वहीवरनं हातानं केली.

पण तिसरं बिल टपरीचं होतं. तिथं सकाळी दीड लिटर, संध्याकाळी एक. बिल आलं २,७१८ रुपये. त्यात विचित्र काही दिसत नव्हतं. काकीनं ते टपरीवाल्या मामांना सांगितलं, मामांनी लगेच पैसे दिले.

आता तुम्हीच करा हिशोब. दीड आणि एक म्हणजे अडीच लिटर. अडीच गुणिले ६० म्हणजे दिवसाला १५० रुपये. तीस दिवसांचे ४,५००. काकीला १,७८२ रुपये कमी मिळाले. पेंडीचं पोतं आणायला निघाली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

यातनं मी एक गोष्ट शिकले. जास्त बिल आलेला माणूस ओरडतो, कमी आलेला गप्प बसतो. आणि वेडीवाकडी चूक बरी, ती दिसते तरी. खऱ्यासारखी दिसणारी चूक पैसे घेऊन जाते.

झालं काय होतं?

फोनवरच्या चौकटीत तुम्ही काहीही लिहा, ते कॉम्प्युटरकडं मजकूर म्हणून येतं. तुमच्यासाठी ते १.५ असेल, त्याच्यासाठी ती 'एक, टिंब, पाच' अशी तीन चिन्हं. याला प्रोग्रॅमर 'स्ट्रिंग' म्हणतात. आणि जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या चिन्हाची दोन कामं आहेत. दोन्हीकडं आकडे असतील तर बेरीज. मजकूर असेल तर जोडाजोड, एकाच्या शेपटीला दुसरा.

म्हणून '१' आणि '१' झाले '११'. रोज अकरा लिटर! '१.५' आणि '०.५' झाले '१.५०.५', दोन टिंबांचा आकडा नसतोच, म्हणून नान. आणि टपरीचे '१.५' आणि '१' झाले '१.५१'. अडीच लिटरचं झालं दीड लिटर आणि वर एक चमचा.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. या '१.५१' मजकुराला मी ६० नं गुणलं. मजकुराला गुणता येतं का? जावास्क्रिप्टनं विचार केला, बाईला गुणाकार हवाय म्हणजे हा आकडाच असणार. तिनं गुपचूप मजकुराचा आकडा केला आणि ९० रुपये ६० पैसे असं छान उत्तर दिलं. एकदा चुकीचं जोडलं, दुसऱ्यांदा चुकीवर पांघरूण घातलं, आणि दोन्ही वेळा तोंडातनं अवाक्षर नाही.

जावास्क्रिप्ट कशी आहे ते त्या दिवशी मला कळलं. लग्नघरात एखादा पोरगा असतो बघा. काहीही सांगा, "हो हो, झालं समजा!" म्हणतो. समजलं नसलं तरी विचारणार नाही, स्वतःच्या मनानं काहीतरी उरकून टाकेल. कामाचा असतो, पण त्याच्याकडं जेवणाच्या पानांचा हिशोब द्यायचा नाही.

हेच दूध दुसऱ्या भाषांकडं नेलं तर?

मग मला नादच लागला. काकीचं तेच दूध, तोच हिशोब, एकेका भाषेत करून बघितला.

पर्ल. ही १९८७ ची, लॅरी वॉल या माणसानं केलेली. त्याचं शिक्षण भाषाशास्त्राचं. पर्लमध्ये अधिक म्हणजे फक्त बेरीज, मजकूर जोडायला वेगळं चिन्ह आहे, टिंब. त्यामुळं '१.५' आणि '१' दिले की ती दोन्हीचे आकडे करते आणि २.५ सांगते. बिल बरोबर! पण थांबा. चौकटीत कुणी अक्षरात 'दीड' लिहिलं तर पर्ल ते शून्य धरते आणि पुढं जाते. वेगळं सांगून ठेवलं असेल तर तेवढी कुरकुर करते. म्हणजे तीही समजूतदारच, फक्त तिची समजूत वेगळ्या जागी चुकते.

पायथन. इथं '१.५' आणि '१' जोडले तर '१.५१' च होतं, जावास्क्रिप्टसारखंच. पण ६० नं गुणलं की पायथन तोच मजकूर साठ वेळा लिहिते! १.५११.५११.५१… अशी लांबच लांब माळ. आणि ती माळ महिन्याच्या बेरजेत मिळवायला गेलं की ठाम थांबते, 'आकडा आणि मजकूर यांची बेरीज होत नाही' असं सांगते आणि कितव्या ओळीत अडलंय तेही दाखवते. काकीला बिल मिळालं नसतं, पण चुकीचं बिल तर नक्कीच मिळालं नसतं.

जावा. हिनं मला प्रोग्रॅम चालवूच दिला नाही. जावामध्ये प्रत्येक डब्यावर आधी चिठ्ठी लावावी लागते, यात मजकूर राहील, यात अपूर्णांक राहील. मजकुराच्या डब्याला ६० नं गुणायचं म्हटल्यावर तिनं दारातच अडवलं. तालुक्याच्या ऑफिसातल्या खिडकीसारखं. "हा फॉर्म अपुरा आहे. भरून आणा, मग बोलू." वैताग येतो. पण खिडकीतनं पुढं गेलेला कागद सहसा परत येत नाही.

बघा, दूध तेच, काकी तीच. एक भाषा खोटं बिल देते, एक खरं देते, एक मध्ये थांबते, एक सुरूच होत नाही. भाषेचा स्वभाव म्हणतात तो हाच. माणसाचा स्वभावही सगळं सुरळीत चाललेलं असताना कुठं कळतो? गोंधळ झाला की कळतो.

बोलता काय येतं, आणि बोलावं काय लागतं

आता जरा प्रोग्रॅमिंग बाजूला ठेवू आणि आपल्या बोलण्याकडं येऊ.

मी तुम्हाला म्हटलं, "आम्ही जेवायला चाललोय." तुम्ही जागेवरच बसाल. मी म्हटलं, "आपण जेवायला चाललोय." तुम्ही हात धुवायला उठाल. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, वी. हिंदीत दोन्हीला हम. त्या भाषांत हा फरक सांगता येत नाही का? येतो, चार शब्द जास्त वापरून. पण सांगायची सक्ती नाही. मराठीत सक्ती आहे. समोरचा माणूस आपल्यात धरायचा की नाही, हे ठरवल्याशिवाय तुम्हाला वाक्यच पुरं करता येत नाही.

दुसरं उदाहरण. मराठीत आपण म्हणतो, "त्यानं जमीन विकली म्हणे." हा 'म्हणे' लावला की मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ऐकलंय, एवढं कळतं. आपल्याकडं तो लावला काय, न लावला काय. पण तुर्की भाषेत झालेली गोष्ट सांगताना क्रियापदाचं रूपच निवडावं लागतं, स्वतः पाहिलेलं की ऐकीव. तिथं 'म्हणे' व्याकरणातच बसवलाय.

रोमान याकोबसन नावाचा मोठा भाषाशास्त्रज्ञ होऊन गेला. १९५९ च्या एका लेखात त्यानं जे म्हटलं, त्याचा मथितार्थ असा, की भाषा एकमेकींपासून वेगळ्या असतात त्या काय सांगता येतं यामुळं फारशा नसतात, काय सांगावंच लागतं यामुळं असतात.

हे मी वाचलं आणि मला काकीचं बिल आठवलं. कारण प्रोग्रॅमिंगच्या भाषांना हे शब्दशः लागू होतं. ॲलन ट्युरिंगनं १९३६ साली मांडलेल्या कल्पनेपासून हे माहीत आहे, की जे गणित एका पूर्ण भाषेत करता येतं ते दुसरीतही करता येतं. म्हणजे 'ही भाषा ताकदवान, ती कमजोर' हे भांडण त्या अर्थानं फोलच. फरक पडतो तो सक्तीत. जावा म्हणते, डब्यात काय आहे ते सांगच. पायथन म्हणते, तुझ्या ओळी डावीकडनं किती आत आहेत ते नीट ठेवच, त्याच्यावरनं मी अर्थ लावणार. जावास्क्रिप्ट म्हणते, काही सांगू नकोस, मी बघते.

सी आणि ३१ तारीख

सी ही भाषा मी इथं मुद्दाम उशिरा आणली. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ती केली. तुमच्या हातातला ॲन्ड्रॉइड फोन ज्या लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, तो मुख्यतः सी मध्ये लिहिलेला आहे.

समजा मी काकीसाठी सी मध्ये तीस दिवसांचे तीस खण मागितले. आणि महिना निघाला ३१ चा. एकतिसाव्या दिवसाचं दूध लिहायला गेले तर काय होईल? पायथन आणि जावा ओरडतील, असा खण नाही. जावास्क्रिप्ट मुकाट्यानं नवा खण करून देईल. सी काहीच करत नाही. तिसाव्या खणाच्या पुढं मेमरीत जे काही असेल, त्याच्यावरच ती लिहून मोकळी होते. तिथं कदाचित टपरीवाल्या मामांचा हिशोब असेल! लगेच कळेल, चार दिवसांनी कळेल, किंवा कधीच कळणार नाही. अनेक मोठे सायबर हल्ले याच भगदाडातनं झालेत.

मग सी वाईट का? तिच्या काळात जाऊन बघा. मेमरी इतकी तुटपुंजी, की प्रत्येक वेळी 'खण आहे ना?' असं तपासणं परवडणारं नव्हतं. वापरणारेही मोजके, मुरलेले लोक. म्हणून सी जुन्या गवंड्यासारखी आहे. "तुम्ही म्हणताय ना इथं भिंत फोडायची, मग फोडतो." मागं वीज आहे का, पाणी आहे का, ते तुम्ही बघायचं.

जावास्क्रिप्टचंही तसंच. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तिचा पहिला नमुना साधारण दहा दिवसांत केला. वेबपान बनवणारे हौशी लोक तिचे गिऱ्हाईक. एका चुकीसाठी सगळं पान कोरं दिसणं कुणालाच नको होतं. म्हणून 'काहीही होवो, थांबायचं नाही' हा तिचा संस्कार. नावात जावा आहे ते तेव्हा जावाचा गाजावाजा होता म्हणून, दोघींचं नातं फारसं नाही. आणि आता तिचा स्वभाव बदलताही येत नाही, कारण त्यावर उभी असलेली जगभरची जुनी पानं बंद पडतील.

पायथनची गोष्ट वेगळी. गिडो व्हान रोसम या डच माणसानं १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती सुरू केली, १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. तो आधी शिकवण्यासाठी बनवलेल्या एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होता. म्हणून पायथन वाचायला सोपी, शिक्षकासारखी. नाव सापावरनं नाही बरं का, माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरनं आहे.

म्हणजे भाषांचा स्वभाव आभाळातनं पडत नाही. कुणी, कधी, कुणासाठी आणि कशाच्या टंचाईत ती केली, त्यातनं येतो. मुळशीतल्या बोलीत भाताचे, पावसाचे, चिखलाचे जितके शब्द आहेत तितके शहरातल्या बोलीत नसतात, कारण तिथं ते लागत नाहीत. तसंच हे.

सातबारा बघणारी भाषा

आता एक नवी. रस्ट. ग्रेडन होअर या प्रोग्रॅमरनं सुरू केलेली, मोझिला कंपनीत वाढलेली, २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. सी ची भगदाडं बुजवायची, पण वेग सोडायचा नाही, हा तिचा हट्ट.

ती काय सांगायला लावते? मालकी! मेमरीतल्या प्रत्येक गोष्टीला एका वेळी एकच मालक. ती वस्तू तुम्ही दुसऱ्याच्या नावावर केली, की तुमचा तिच्यावरचा हक्क संपला. नंतर हात लावलात तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. उसनी देता येते, पण नियम कडक. बघायला कितीही जणांनी घ्यावी, पण कुणी एक जण बदल करत असेल तर तेवढा वेळ दुसऱ्या कुणी बघायचंसुद्धा नाही.

मुळशीतल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. एकच गुंठा दोघांना विकल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. रस्ट म्हणजे आधी सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय सहीच न करणारी बाई. सुरुवातीला रडवते. पण व्यवहार झाल्यावर कोर्टात जायची पाळी क्वचित येते. लिनक्सच्या गाभ्यातही २०२२ पासून रस्टला जागा मिळाली आहे.

शुद्ध, अशुद्ध आणि कोबॉल

आता जरा मनातलं बोलते. मी पुण्यात कॉलेजला गेले तेव्हा 'पानी' म्हणायचे. 'आनि' म्हणायचे. वर्गात एकदा सगळे हसले. नंतर लॅबमध्ये कुणीतरी म्हणालं, "जावास्क्रिप्ट? ती काय खरी भाषा आहे का?" ते हसणं मला ओळखीचं वाटलं. भाषा वेगळ्या, पण हसण्यामागचा सूर एकच, माझी शुद्ध आणि तुझी गावठी.

प्रोग्रॅमरांत ही सवय जुनी आहे. डाइकस्ट्रा नावाच्या थोर संगणकशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये कोबॉल या भाषेबद्दल लिहून ठेवलं, की तिच्या वापरानं बुद्धी पांगळी होते आणि ती शिकवणं हा गुन्हा मानला पाहिजे. इतका राग!

कोबॉल होती काय? १९५९ मध्ये एका समितीनं आखलेली, ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामावर उभी राहिलेली, धंद्याच्या हिशोबाची भाषा. तिच्यातलं वाक्य इंग्रजी वाक्यासारखं, 'सकाळमध्ये संध्याकाळ मिळवून एकूण दे' अशा थाटाचं. शब्दाळ, पाल्हाळिक. पण ती आधीच विचारते, हा आकडा किती अंकी, टिंबानंतर किती घरं. काकीचं दूध तिच्याकडं चुकलं नसतं आणि पैशाचा हिशोबही पैशाला पैसा लागला असता. याउलट जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा, उत्तर ०.३ च्या पुढं पंधरा शून्यं आणि एक ४ असं येतं. ही खोड तिची एकटीची नाही, पायथन आणि जावामध्येही तेच उत्तर येतं. दशांश अपूर्णांक कॉम्प्युटरच्या दोन-अंकी पद्धतीत नेमके मावत नाहीत म्हणून.

ज्या कोबॉलला गुन्हा म्हटलं, तिच्यात लिहिलेले प्रोग्रॅम जगातल्या बँकांमध्ये आजही चालतात. आणि जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले ते जुने प्रोग्रॅम सन २००० च्या आधी दुरुस्त करायचं प्रचंड काम भारतीय कंपन्यांना मिळालं. आपल्याकडच्या आयटीच्या वाढीला त्यानं मोठा हात दिला. आज आमच्याच तालुक्यातल्या हिंजवडीत उंच काचेच्या इमारती आहेत आणि गावातली पोरं तिथं कामाला जातात, त्या गोष्टीच्या सुरुवातीला कुठंतरी ही 'अशुद्ध' भाषा आहे.

पण भाषेला स्वभाव खरंच असतो का?

इथं सावध राहायला हवं. स्वभाव हा आपण दिलेला शब्द आहे. जावास्क्रिप्ट लबाड नव्हती, तिचा नियम ठरलेला होता आणि तो मी वाचला नव्हता. चूक माझी.

माणसाच्या भाषेत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे. काकीला मी म्हटलं, "दीड आणि एक", ती म्हणते "अडीच". मी चुकून "दीडशे" म्हटलं तर ती म्हणेल, "काय गं, यड लागलं का?" तिला म्हैस माहीत आहे, दोन म्हशी किती दूध देतात ते माहीत आहे. प्रोग्रॅमिंग भाषेला फक्त चिन्हं माहीत असतात.

आपल्या व्हॉट्सॲपवर फिरणारा तो निरोप आठवतो? 'नासानं सांगितलंय, कॉम्प्युटरसाठी संस्कृत सर्वोत्तम.' त्याचं मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या लेखात आहे. ते नासाच्या एका केंद्रात काम करायचे. संस्कृत वैयाकरण वाक्याचा अर्थ जसा उलगडून मांडायचे, ती पद्धत कॉम्प्युटरमध्ये ज्ञान साठवण्याच्या पद्धतीशी जुळते, असं त्यांनी दाखवलं. लेख वाचण्यासारखा आहे. पण प्रोग्रॅम संस्कृतात लिहा असं त्यात नाही, आणि नासाचा तसा निर्णयही नाही.

मराठीचं विचाराल तर एक गंमत करून बघा. पायथनमध्ये देवनागरीतला '१.५' हा मजकूर द्या आणि त्याचा आकडा कर म्हणून सांगा. ती करते! तिला आपले अंक ओळखता येतात. चलाचं नाव 'दूध' ठेवलं तरी चालतं. जावास्क्रिप्टला 'दूध' हे नाव चालतं, पण '१.५' दिला की परत नान. मला हे कळलं त्या दिवशी उगाचच बरं वाटलं. कुणीतरी, कुठंतरी, हे अंक ओळखायची सोय करून ठेवली होती.

मग पहिली कोणती शिकू?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुठलीही घ्या, पण घेताना तीन प्रश्न विचारा. एक, ही भाषा मला काय सांगायला लावते? दोन, मी चुकले तर ती ओरडते, थांबते, की गप्प राहते? तीन, ती बोलणारी माणसं कोण आहेत, आणि मला त्यांच्यात जाऊन काम करायचंय का? वेबपान करायचं असेल तर जावास्क्रिप्टला पर्याय नाही, लाजायचंही कारण नाही. पहिल्यांदाच शिकताय, कुणी शिकवायला नाही, तर पायथन बरी, ती चूक दाखवते. आणि दुसरी भाषा नक्की शिका. कारण मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' आहे हे आपल्याला इंग्रजी शिकल्यावरच लक्षात येतं. तोवर ते आपल्याला दिसतसुद्धा नाही.

काकीचं पान मी दुरुस्त केलं. दोन्ही चौकटींतल्या मजकुराचा आधी आकडा करायचा, आकडा होत नसेल तर बटण दाबूच द्यायचं नाही. चार ओळींचं काम. जावास्क्रिप्ट बदलली नाही, मी तिला विचारायला शिकवलं.

आणि टपरीवाले मामा? पैसे परत मागायला जायचं म्हणजे काकीला संकोच. मीच जाते म्हटलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "तू नगं, तू फोन दावशील. मी वही दावते." वही घेऊन गेली. मामांनी एकेक दिवस बोटानं वाचला आणि उरलेले १,७८२ दोन हप्त्यांत दिले.

पान आजही चालू आहे. काकी रोज भरते. आणि भरून झालं की वहीतही लिहिते. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, "फोन माझा हिशोब बघतोय, मी फोनचा."

चला, पाऊस थांबलाय, गोधडी काढते. तुमच्या भाषेनं तुम्हाला कुठं फसवलं, प्रोग्रॅमिंगची असो की बोलायची, ते आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. चांगले किस्से पुढच्या भागात ऐकवीन. भेटू!